शीत आणि निवळ : रुग्णाच्या द्रवाहाराचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक :

आहाराचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने दुष्काळ, धान्यबाजार, राजघराण्यांच्या मेजवान्या आणि सणावारांचे पदार्थ यांकडे गेलेले दिसते. रुग्णाच्या ओठाला लावलेली वाटी मात्र इतिहासलेखनात उपेक्षित राहिली आहे. वास्तविक आजारी माणसाला काय द्यावे, किती पातळ द्यावे आणि केव्हा द्यावे, या प्रश्नांवर वैद्यांनी दोन हजारांहून अधिक वर्षे वाद घातला आहे आणि त्या वादाच्या निकालावर असंख्य रुग्णांचे जगणे-मरणे अवलंबून राहिले आहे. प्रस्तुत लेखात या वादाचा एक धागा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

आजच्या रुग्णालयात 'क्लिअर लिक्विड डाएट' या नावाने जो आहार सांगितला जातो, त्याची व्याख्या वरवर पाहता सोपी आहे. ज्या पेयाच्या आरपार दिसते ते चालेल. पाणी, दूध न घातलेला चहा, सफरचंदाचा गाळलेला रस, शहाळ्याचे पाणी, गाळलेले नितळ सूप, साखर-मिठाचे पाणी, जिलेटिनची जेली हे सर्व त्यात बसते. दूध, ताक, गर असलेला रस, डाळीचे वरण बसत नाही. आतड्यात शक्य तितका कमी अवशेष राहावा, पण शरीरातील पाणी आणि क्षार टिकावेत, हा त्यामागील हेतू होय. पुरेशी प्रथिने व उष्मांक त्यातून मिळत नसल्याने तो अल्पकाळच द्यावयाचा असतो.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या वडिलांची मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी ठरली होती. रुग्णालयाने हातात दिलेला कागद इंग्रजीत होता. घरात त्याचा अर्थ 'पातळ पदार्थ' असा लावला गेला आणि मोठ्या निष्ठेने त्यांना दूध, ताक व मऊ पेज देण्यात आली. दुसऱ्या दिवशी आतडे स्वच्छ नसल्याचे कारण सांगून तपासणी पुढे ढकलण्यात आली. दीड दिवसाचे हाल वाया गेले. दोष कोणाचा हा मुद्दा येथे गौण आहे. तथापि 'पातळ' आणि 'निवळ' या दोन शब्दांमधील अंतर किती महागात पडू शकते हे त्या दिवशी ध्यानात आले, आणि प्रस्तुत लेखाचे मूळ तेथेच आहे.

शिताचे मोजमाप :

आपल्या परंपरेत रुग्णाचा द्रवाहार पारदर्शकतेवरून मोजला जात नव्हता, तो शितावरून मोजला जात होता. सुश्रुतसंहितेत तांदळाच्या पातळ पदार्थांचा जो क्रम येतो, त्याचा आधार 'सिक्थ' म्हणजे शिजलेल्या भाताचा कण हा आहे. मराठीतील 'शीत' हा शब्द त्याचाच वंशज. ज्यात शिते नाहीत तो मंड, ज्यात शितांसह पाणी आहे ती पेया, ज्यात शिते पुष्कळ आहेत ती विलेपी आणि ज्यात द्रव अगदी विरळ उरला आहे ती यवागू. पुढे शार्ङ्गधरसंहितेने यांची प्रमाणेही ठरवून दिली. मंडासाठी तांदळाच्या चौदापट पाणी, यवागूसाठी सहापट, विलेपीसाठी चौपट. कोकणात आणि गोव्यात पेज गाळून वरचे पाणी आजाऱ्याला देणारी गृहिणी हे ग्रंथ वाचत नव्हती. पण तिच्या हातात असलेले माप तेच होते.

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात शोधनचिकित्सेनंतरचा संसर्जनक्रम सांगितला आहे. वमन किंवा विरेचनानंतर रुग्णाला एकदम नेहमीचे जेवण द्यावयाचे नाही. प्रथम पेया, मग विलेपी, मग मीठ-स्नेहाविना केलेले कढण म्हणजे अकृत यूष, मग संस्कारित कृत यूष आणि शेवटी मांसरस. शुद्धी उत्तम, मध्यम की हीन झाली, यावरून प्रत्येक पायरीला तीन, दोन किंवा एक अन्नकाळ द्यावयाचा. विझत आलेल्या विस्तवावर प्रथम गवत, मग शेणाची भुकटी घालीत तो वाढवावा त्याप्रमाणे जठराग्नी वाढवावा, असा दृष्टान्त तेथे दिला आहे. आधुनिक शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पाणी, मग निवळ द्रव, मग सर्व द्रव, मग मऊ अन्न अशा पायऱ्यांनी नेण्याची जी पद्धत विसाव्या शतकातील रुग्णालयांत रूढ झाली, तिच्याशी या क्रमाचे साम्य सहज लक्षात येते. मात्र साम्यावरून वंशावळ काढण्याचा मोह टाळला पाहिजे. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडल्याचा पुरावा नाही. हे दोन वेगळ्या अनुभवांतून सुचलेले सारखे उपाय आहेत.

ज्वरचिकित्सेत चरकाने लंघनाला प्रथम स्थान दिले आहे. पण लंघन म्हणजे पाणीही तोडणे नव्हे. तहानलेल्या ज्वरिताला नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, उदीच्य आणि सुंठ घालून उकळलेले षडंगपानीय द्यावे असे तो सांगतो. एवढेच नव्हे, तर पेया सर्वांनाच चालते असेही तो मानत नाही. मद्यपानजन्य विकारात किंवा ऊर्ध्वग रक्तपित्तात यवागू वर्ज्य करून लाह्यांच्या पिठाचे, फळांच्या रसाचे व मधसाखरेचे तर्पण द्यावे, असा अपवाद त्याने नोंदविला आहे. एका नियमाने सर्वांना बांधण्याची वृत्ती येथे दिसत नाही, हे पुढील इतिहासाच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ग्रीक परंपरेतही हाच वाद आढळतो. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या तीव्र रोगांतील पथ्यविषयक ग्रंथाचा केंद्रबिंदू सातूची पेज हा आहे. पेज सगळी द्यावी की गाळून केवळ तिचे पाणी द्यावे, मधपाणी केव्हा द्यावे, मध आणि शिरक्याचे मिश्रण कोणाला सोसते, याची चर्चा त्यात विस्ताराने येते. विशेष म्हणजे रुग्णाला आधी दोन-तीन दिवस कोरडे उपाशी ठेवावयाचे आणि रोग भरात आल्यावर एकाएकी पेज सुरू करावयाची, या समकालीन वैद्यांच्या सवयीवर ग्रंथकर्त्याने कठोर टीका केली आहे.

हाडांचे पाणी आणि मांसाचा अर्क :

एकोणिसाव्या शतकात युरोपात या प्रश्नाला वेगळे वळण लागले. पेजेऐवजी नितळ मांसार्क हा रुग्णाच्या आहाराचा राजा बनला, आणि त्याच्यामागे रसायनशास्त्राची प्रतिष्ठा उभी राहिली.

याची पूर्वपीठिका फ्रान्समध्ये आहे. डेनिस पापॅं याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली हाडे मऊ करण्याचे यंत्र तयार केले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दार्से या रसायनज्ञाने हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचा सूप पॅरिसच्या रुग्णालयांत व गरिबांच्या अन्नछत्रांत पुरविण्याचा आग्रह धरला. टाकाऊ हाडांतून पौष्टिक अन्न ही कल्पना व्यवस्थापकांना आवडण्यासारखीच होती. खाणाऱ्यांना ते सूप आवडत नव्हते, आणि त्यांच्या तक्रारी वाढल्यावर विज्ञान अकादमीने चौकशी समिती नेमली. फ्रान्स्वा माजांदी या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालील या समितीने कुत्र्यांवर दीर्घकाळ प्रयोग केले आणि १८४१ मध्ये आपला अहवाल दिला. केवळ जिलेटिनवर प्राणी जगू शकत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. आज निवळ द्रवाहाराच्या यादीत जेली दिसते, तेव्हा या अहवालाचे स्मरण होते. जेली तेथे पोषणासाठी नसून आतड्यात अवशेष ठेवत नाही म्हणून आहे.

तथापि माजांदीच्या अहवालाने नितळ सुपाची प्रतिष्ठा संपली नाही. जर्मन रसायनज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने १८४७ मध्ये मांसातील द्रवांवर संशोधन प्रसिद्ध केले. १८५४ च्या सुमारास एका मित्राच्या आजारी मुलीसाठी त्याने सौम्य आम्लात कच्च्या मांसाचे पाणी काढण्याची कृती योजिली. पुढे १८६५ मध्ये लंडनमध्ये त्याच्या नावाची मांसार्क कंपनी स्थापन झाली आणि उरुग्वेतील फ्राय बेंतोस येथे गुरांच्या मांसाचा दाट अर्क मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला. सुमारे तीस किलो मांसातून एक किलो अर्क निघे. तीस किलोंचे बळ एका बरणीत आले, असा सामान्य ग्राहकाचा समज होणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात चरबी आणि बहुतांश प्रथिने मागेच राहत. क्षार, चव आणि वास तेवढे बरणीत उतरत. टीका वाढल्यावर लीबिगलाही आपला दावा सौम्य करून अर्काचे महत्त्व उत्तेजक म्हणून मांडावे लागले.

या बाबतीत रसायनज्ञांपेक्षा एका परिचारिकेचे निरीक्षण अधिक स्वच्छ होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात रुग्णाच्या अन्नाला दोन स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. गोमांसाचे सार सर्वांत पौष्टिक मानले जाते. पण ते आटवून पाहा, तळाशी जेमतेम चमचाभर घन पदार्थ उरतो, असे त्या सांगतात. त्याच वेळी त्यात काहीतरी उभारी देणारा गुण आहे हेही त्या नाकारत नाहीत. कोल्हापूरकडे आजाऱ्याला आणि बाळंतिणीला जे मटणाचे अळणी पाणी देतात, त्याविषयीही याहून वेगळे काही म्हणता येईल असे वाटत नाही.

याच काळात ज्वराच्या रुग्णाला खाऊ घालावे की नाही, हा वाद पेटलेला होता. पॅरिसमध्ये ब्रूसे याच्या प्रभावाखाली बहुतेक सर्व रोग आतड्याच्या दाहातून होतात असे मानून जळवा आणि उपास यांचा अतिरेक झाला. १८३३ या एका वर्षात फ्रान्सने चार कोटींहून अधिक जळवा आयात केल्याची नोंद आहे. उलट डब्लिनमधील रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी ज्वराचे रुग्ण रोगापेक्षा उपासाने मरतात असे पाहून त्यांना अन्न देण्यास प्रारंभ केला. ज्वरितांना आपण खाऊ घातले एवढेच आपल्या समाधिलेखावर लिहावे, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखविल्याचे सांगतात.

सार, धर्म आणि संमती :

युरोपीय वैद्यक भारतात आले ते हे मांसार्क घेऊनच. गोमांसाचे किंवा कोंबडीचे सार हे तेथील डॉक्टरच्या दृष्टीने औषध होते, येथील रुग्णाच्या दृष्टीने तो धर्माचा प्रश्न होता. मुंबई-पुण्यात १८९६-९७ पासून प्लेगची साथ पसरली, तेव्हा सरकारी रुग्णालयांविषयी जी भीती होती तिच्यात कोणाच्या हातचे काय खावे-प्यावे लागेल ही भीतीही सामील होती. मुंबईत जातवार व धर्मवार प्लेग रुग्णालये उघडली गेली आणि पुण्यात लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय सुरू केले, त्यामागे हेही एक कारण होते.

या संघर्षाचे सर्वांत तपशीलवार चित्र महात्मा गांधींच्या आत्मकथेत मिळते. १९०२ मध्ये गांधी मुंबईत गिरगावात राहत असताना त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने अंथरुणाला खिळला. फुफ्फुसदाहाची लक्षणेही होती. उपचार करणाऱ्या पारशी डॉक्टरांनी औषधाचा फारसा उपयोग होणार नाही, अंडी व कोंबडीचे सूप द्या, असा सल्ला दिला. गांधींनी तो नाकारला, मुलालाही विचारले, आणि कूने पद्धतीचे कटिस्नान व पाणी घातलेला संत्र्याचा रस यांवर त्याला तीन दिवस ठेवले. ताप एकशे चार अंशांपर्यंत चढला. एका रात्री मुलाला ओल्या चादरीत गुंडाळून ते स्वतः चौपाटीवर फिरावयास गेले आणि परतेपर्यंत त्यांच्या मनाची काय अवस्था होती हे त्यांनी लपविलेले नाही. घाम फुटून ताप उतरू लागला. त्यानंतर चाळीस दिवस मणिलाल पाणी घातलेले दूध व फळांचे रस यांवर होता. तो बरा झाला तो ईश्वरकृपेने, जलोपचाराने की पथ्य आणि शुश्रूषेने, हे गांधींनी वाचकावर सोपविले आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक गोष्ट खटकते, ती नमूद केली पाहिजे. दहा वर्षांच्या, रात्री तापात बरळणाऱ्या मुलाच्या संमतीला कितपत अर्थ होता? गांधींना स्वतःलाही ही शंका होती, हे त्या प्रकरणातून जाणवते. शास्त्रदृष्ट्या पाहता कोंबडीच्या नितळ सुपात असे काही नव्हते की ज्याच्या अभावी मूल दगावावे. पण ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते आणि बापालाही नव्हते. म्हणूनच त्या रात्रीचा धोका खरा होता.

दुसरा प्रसंग दक्षिण आफ्रिकेतला, १९०९ च्या आरंभीचा. डर्बन येथे कस्तुरबांवर रक्तस्रावासाठी शस्त्रक्रिया झाली. प्रकृती इतकी क्षीण होती की भूलही देता आली नाही. काही दिवसांनी डॉक्टरांनी जोहान्सबर्गला गांधींना दूरध्वनी करून गोमांसाचे सार देण्याची परवानगी मागितली. रुग्णाला विचारा, असे गांधींनी कळविले. ते डर्बनला पोहोचले तेव्हा सार आधीच देऊन झाल्याचे डॉक्टरांनी शांतपणे सांगितले. रुग्णाचा जीव वाचविण्यासाठी फसविणे हे आपण कर्तव्य मानतो, अशी त्यांची भूमिका होती. कस्तुरबांनी मात्र मरण पत्करीन पण हे घेणार नाही, असे निक्षून सांगितले. रिमझिम पावसात त्यांना फिनिक्सला हलविण्यात आले. सोबत गरम दुधाची बाटली होती. येथे प्रौढ रुग्णाचा स्वतःचा स्पष्ट नकार आहे, आणि म्हणून हा प्रसंग मणिलालच्या प्रसंगाहून वेगळा ठरतो. ज्या पेल्यासाठी हा सगळा संघर्ष झाला, त्याच्या पोषणमूल्याचा हिशेब नाइटिंगेल यांनी जवळजवळ अर्धशतक आधीच मांडून ठेवला होता.

पटकी आणि मीठ-साखर :

नितळ द्रवाने खरोखर जीव वाचविला तो पटकीच्या रुग्णांचा, आणि तेही फार उशिरा. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील थॉमस लॅटा यांनी शिरेतून क्षारयुक्त पाणी देऊन मरणोन्मुख रुग्ण उठून बसल्याचे दाखविले होते. पण ती पद्धत मागे पडली. तोंडाने दिलेले पाणी शरीरात टिकत नाही, असाच समज दीर्घकाळ होता. आतड्यात साखर आणि सोडियम एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. १९६८ मध्ये ढाका येथे डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या रुग्णांवर तोंडाने द्यावयाच्या द्रावणाचा यशस्वी प्रयोग केला.

१९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगाव येथील निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी लिटरभर पाण्यात बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात भुकटी मिसळून ती पिंपांतून नातेवाईकांच्या हाती दिली. तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर ३.६ टक्क्यांवर आला. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकाने साखर-सोडियमच्या या संयुक्त शोषणाच्या शोधाची गणना शतकातील संभाव्यतः सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली. डॉ. महालनबिस यांचे २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. पुढे ग्लुकोजऐवजी तांदळाचे पीठ वापरूनही असे द्रावण करता येते, हे दाखविले गेले. मीठ घातलेल्या पेजेकडे पाहण्याची दृष्टी यामुळे बदलली. अर्थात क्षारांचे प्रमाण मोजलेले असणे आणि चिमूटभर मीठ घातलेले असणे यांतील फरक विसरता येत नाही.

मध्यरात्रीनंतर काही नाही :

शस्त्रक्रियेपूर्वीच्या आहाराचा इतिहास याहून विलक्षण आहे, कारण येथे शहाणपण आधी होते आणि नियम नंतर बिघडला. जोसेफ लिस्टर यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवले होते की, क्लोरोफॉर्म देताना पोटात घन अन्न नसावे, परंतु सुमारे दोन तास आधी कपभर चहा किंवा मांसाचे सार दिल्यास ते हितकारकच ठरते. घन आणि द्रव यांत त्यांनी स्पष्ट भेद केला होता.

१९४६ मध्ये न्यूयॉर्कमधील प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी तपासून ६६ जणींच्या श्वासमार्गात पोटातील अन्न गेल्याचे नोंदविले. त्यातील दोन मृत्यू घन अन्नाने गुदमरून झालेले होते. म्हणजे त्यांच्या नोंदींतही घन व द्रव हा भेद होताच. परंतु व्यवहारात मात्र 'मध्यरात्रीनंतर काही नाही' असा सरसकट नियम रूढ झाला. सकाळी आठची शस्त्रक्रिया असो की दुपारी तीनची, पाण्याचा थेंबही बंद. परिचारिकेला तो लक्षात ठेवणे सोपे होते, आणि शस्त्रक्रियांची यादी मागेपुढे करणे डॉक्टरांना सोयीचे होते. तहान रुग्णाची होती.

कॅनडातील रॉजर मॉल्टबी व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये शस्त्रक्रियेच्या काही तास आधी १५० मिलिलिटर पाणी दिलेल्या रुग्णांच्या पोटात इतरांपेक्षा जास्त द्रव राहत नाही, हे दाखविले. १९९९ मध्ये अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने निरोगी रुग्णांना नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी दोन तासांपर्यंत निवळ द्रव देता येतील, अशी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. लिस्टर यांच्या दोन तासांपाशी वैद्यक एकशे सोळा वर्षांनी परत आले.

शस्त्रक्रियेनंतरच्या पायऱ्यांविषयीही असेच घडले. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले जेवण निवळ द्रवाचेच असले पाहिजे, हा संकेत १९९६ मधील एका अमेरिकी अभ्यासाने तपासला आणि थेट नेहमीचे अन्न दिलेल्या रुग्णांना अधिक त्रास झाला नसल्याचे आढळले. डेन्मार्कमधील हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात शीघ्र पुनर्लाभाची जी पद्धती विकसित केली, तिच्यातही लवकर खाऊ घालणे हा महत्त्वाचा भाग आहे. ग्रेव्ह्ज यांना हे वाचून आनंद झाला असता.

मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीसाठी मात्र निवळ द्रव आजही मागितले जातात, जरी अनेक ठिकाणी आदल्या दिवशी कमी चोथ्याचे हलके अन्न देण्यासही आता मान्यता मिळाली आहे. लाल किंवा जांभळ्या रंगाचे पेय नको, कारण तो रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो, ही सूचनाही त्या इंग्रजी कागदावर होती. वडिलांच्या दुसऱ्या वेळच्या तपासणीपूर्वी आईने त्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने स्वतःसाठी एक ओळ लिहून घेतली होती: 'पेल्याखाली पेपर धरून वाचता आला तर द्यायचे.' त्या दिवशी तिने मुगाचे कढण तीन वेळा फडक्यातून गाळले, पेला वर्तमानपत्रावर ठेवून पाहिला आणि बाजूला सारून शहाळे फोडले.